गोठ्यामागचं मेक्सिको

मेक्सिको हा देश मी पाहिला तो सोनईजवळ, गेनूदादांच्या गोठ्यामागे. ज्यांनी तो नकाशात दुसरीकडे पाहिला असेल त्यांच्याशी मी वाद घालत नाही. नकाशे काढणाऱ्यांनी सोनईला कधी जेवण घेतलेलं नसतं. मी घेतलं, आणि परत आलो तेव्हा नगरच्या बाजारात लोकांनी मला माझा थोरला भाऊ समजून सलाम केले, इतका मी अंगानं भरलो होतो.

त्या प्रवासाची हकिगत नगरात आता अनेक तऱ्हांनी सांगतात. बहुतेक खोट्या आहेत. खरी ही. यात कुठं मी फुगवून सांगतोय असं वाटलं, तर समजून घ्या की घडलं होतं ते याहूनही मोठं. लढाईमुळे कागद मिळत नाही म्हणून मी आखडतं घेतोय.

नगरची छावणी

मी मिरचीचा अडत्या. लढाई सुरू झाल्यावर छावणीच्या स्वयंपाकघरांना कांदा, लसूण, मिरची पुरवायचा मक्ताही माझ्याकडे आला. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे इंग्रजी येतं. माझं इंग्रजी इंग्रजाला समजायला जरा वेळ लागतो, पण तेवढ्या वेळात त्याच्या मनात माझ्याबद्दलचा आदर वाढतो.

त्या साली छावणीत अमेरिकेहून रणगाडे आले आणि ते हाकायला शिकवणारे मूठभर अमेरिकन आले. त्यातला सार्जंट बिल हा ताडमाड, लालबुंद माणूस. तो हसला की स्वयंपाकघराच्या छपरावरचे पत्रे थरथरायचे. टेक्सास नावाच्या मुलखात त्याच्या बापाचा डबाबंद अन्नाचा कारखाना होता. एका दुपारी त्यानं तिथूनच आलेला एक डबा माझ्यासमोर फोडला. डब्यावर भलीमोठी टोपी तोंडावर ओढून झोपलेल्या माणसाचं चित्र होतं. आत लाल रश्शात कागदात गुंडाळलेल्या करड्या वळकट्या. बिल म्हणाला, ही तमाले, अस्सल मेक्सिकन जेवण. मी घास घेतला. आधी आंबट लागलं, मग गोड, आणि मग काहीच लागेना. जीभ बिचारी तोंडात इकडेतिकडे फिरून रिकाम्या हातानं परत आली.

शेजारी रणगाड्यांचा मिस्त्री मॅन्युएल बसला होता. त्याचे आईबाप मूळ मेक्सिकोचे, सरहद्दीवरची नदी ओलांडून टेक्सासात आलेले. त्याला विचारलं, तुमच्या देशातलं जेवण असंच का? तो म्हणाला, "हे माझ्या देशातलं नाही. माझ्या देशाबद्दल कुणीतरी लांबून काहीतरी ऐकलं, त्याचं हे झालं."

मला ते लगेच पटलं. कारण आमच्या गोऱ्या अंमलदारांच्या मेसमध्ये दर आठवड्याला एक पिवळा चिखल होतो. त्यात बेदाणे असतात, सफरचंदाच्या फोडी असतात, आणि त्याला ते 'हिंदुस्थानी करी' म्हणतात. पहिल्यांदा चाखली तेव्हा मी खानसाम्याला विचारलं होतं, बाबा रे, हा हिंदुस्थान कुठल्या जिल्ह्यात येतो?

आता मुद्द्याचं. मॅन्युएलची आई टेक्सासात रेल्वेच्या यार्डाबाहेर बसून घरची तमाले विकायची. तिच्या हाताची कीर्ती मॅन्युएलनं इतक्या वेळा सांगितली होती की बिलला ती पाठ झाली. त्या पावसाळ्यात ती वारली आणि ही बातमी नगरला आली तोवर तिकडे मातीवर गवत उगवलं असेल. मग बिलनं त्याच्यापुढे एक बेत मांडला. लढाई संपली की कारखान्यात ये, आईची कृती दे, झोपलेल्या माणसाच्या जागी आईचं चित्र आणि नाव डब्यावर घालू, तू भागीदार हो. मनात कपट नव्हतं. बिलला खरंच वाटत होतं की याहून मोठा मान मेलेल्या बाईला मिळणं नाही. मॅन्युएलची धाकटी बहीण मागे एकटी राहिली होती, तिचं शिक्षण व्हायचं होतं. त्यामुळे त्याला नाही म्हणवत नव्हतं, आणि हो म्हणायला तोंड उघडलं की शब्द परत आत जात होता. बिलची बदली झाली होती. तो मुंबईहून बोटीत बसणार होता आणि त्याआधी त्याला उत्तर हवं होतं.

मॅन्युएल म्हणाला, आमच्याकडे नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी मेलेली माणसं जेवायला घरी येतात. आधी आईला जेवू घालीन, मग उत्तर देईन.

बिल खूष झाला, कारण नमुना चाखायला मिळणार होता. अडचण एवढीच, की त्या जेवणाला वाळलेला पांढरा मका लागत होता, कणसावरच्या पानांसकट, आणि नगरच्या बाजारात रेशनवर मिळत होता फक्त मिलो नावाचा तांबडा जोंधळा, जो आमची कोंबडीसुद्धा तोंड फिरवून खाते. मी म्हणालो, राहुरीकडे पाटाचं पाणी आहे, तिथं मका नसेल तर कुठं असेल? चार दिवसांची रजा, एक जीप आणि मी, असा लवाजमा निघाला.

राहुरी

जीप कशी गेली ते थोडक्यात सांगतो. विळदजवळ माझी टोपी उडाली. ती आमच्याआधी राहुरीला पोचली होती.

राहुरीत चहाला थांबलो. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी सीताफळं घेऊन बसली होती. आता मॅन्युएलचा रंग आपल्यासारखा, केस काळे, मिशी नेवाशाच्या तलाठ्यासारखी. म्हातारीनं त्याला खाली-वर पाहिलं आणि कुणाचा रं तू, गाव कंचं, असं विचारलं. तो नुसता हसला. तिनं परत विचारलं. तो परत हसला. म्हातारी भडकली. पलटणीत नोकरी लागली की घरची भाषा बोलायला तोंड दुखतं का, असं म्हणून तिनं त्याच्या सात पिढ्यांना बोल लावले. मी मध्ये पडून सांगितलं की आजी, हा अमेरिकेचा.

"व्हय," ती म्हणाली, "आन् मी इंग्लंडची रानी."

तरी जाताना तिनं त्याच्या खिशात दोन पिकली सीताफळं कोंबली. आईनं लाज काढली तरी उपाशी सोडत नाही, त्यातला प्रकार. पुढच्या खड्ड्यात ती सीताफळं खिशातच फुटली आणि सोनईपर्यंत मॅन्युएलमागे माश्यांची एक पलटण शिस्तीत चालत राहिली.

मका मात्र राहुरीत नव्हता. पाटाखाली जिकडे पाहावं तिकडे ऊस. मका बांधाला गुरांपुरता, तोही हिरवा असतानाच कापलेला. एका गुऱ्हाळावर मालकानं आमची दया येऊन गरम गूळ दिला. बिलनं तो टॉफी समजून तोंडात टाकला, आणि त्याचे दात असे चिकटले की संध्याकाळपर्यंत त्याला हसता येईना. आसपासच्या छपरांना तेवढाच विसावा.

तेव्हा मला गेनूदादा आठवले. सोनईच्या शिवारात त्यांची वस्ती. दर साली त्यांची मिरची माझ्याच आडतीवर येते. त्यांच्या मळ्यात पांढरा मका मी डोळ्यांनी पाहिला होता.

मुळेच्या वाळूत

राहुरीहून सोनईला आडवाटेनं जायचं तर मुळा नदी ओलांडावी लागते. दिवाळी होऊन गेलेली, पाणी गुडघ्याइतकं, पण खालची वाळू बेइमान. जीप मध्यावर गेली आणि बसली. बिलनं यंत्राचा जोर सांगितला, साठ घोड्यांचा. साठही घोडे एकदम खिंकाळले आणि गाडी अजून खाली गेली. नदीकाठी एक माणूस औत घेऊन चालला होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, बिडी पेटवली, ती निवांत संपवली, आणि मग बैलजोडी आणून जीपला लावली. दोन बैलांनी साठ घोडे वर काढले. बिलनं बैलांना लष्करी सलाम ठोकला. त्यातल्या पांढऱ्या बैलानं मान हलवून तो घेतला. हे मी स्वतः पाहिलं आहे.

गेनूदादांची वस्ती

वस्तीवर पोचलो तेव्हा गेनूदादा मिरच्या वाळत घालत होते. साठीचा, काटक, मिस्किल माणूस. त्यांची बायको सगुणावहिनी या वस्तीची खरी मालकीण. त्यांना मी सगळं सांगितलं: हा परमुलखातला पोर, आई गेली, तिला जेवू घालायचंय. वहिनींना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. त्यांनी मॅन्युएलचं नाव तिथल्या तिथे मनू करून टाकलं आणि गोठ्यामागे मोकळ्यावर तीन दगडांची चूल मांडून दिली.

एकच गोष्ट त्यांना कोड्यात टाकत होती. पितरं भाद्रपदात येऊन जेवून गेली, मग ही दिवाळीनंतर कुठली? गेनूदादांनी उलगडा केला की त्यांच्या पितरांना वाटेत समुद्र आहे, उशीर व्हायचाच.

रात्री जेवायला बाजरीची भाकरी आणि ठेचा. पहिल्या घासाला मॅन्युएल थांबला. ठेच्याकडे पाहिलं, पाट्याकडे पाहिलं, उठून पाट्यावरून हात फिरवला. त्याच्या आईचा असाच होता म्हणे, फक्त तिरपा आणि तीन पायांचा. मग त्यानं सांगितलं की मिरची मूळ आमच्या मुलखातली, मकाही आमचाच. मी तीन पिढ्यांचा मिरची व्यापारी. मला वाटलं, याला उचलून परत मुळेत ठेवून यावं. मोठ्या नाइलाजानं मी ते मराठीत सांगितलं. गेनूदादा शांतपणे ठेचा पुसत म्हणाले, "मंग आता परत न्यायाला आलाय का?"

मका मिळाला. पाटीभर दाणे. त्यानंतर मॅन्युएलनं चुना मागितला.

चुना आम्हाला माहीत होता तो पानाला आणि भिंतीला. मॅन्युएल सांगू लागला की मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, तसाच रात्रभर ठेवायचा, सकाळी चोळून साल काढायची आणि ओला वाटायचा. त्याशिवाय पीठ बांधत नाही. मी भाषांतर करताना वहिनींचा चेहरा पाहत होतो. सबंध पातेलंभर चुना, आणि तोही अन्नात. मॅन्युएलनं मका चुन्याच्या पाण्यात घालून चुलीवर चढवला. मग आम्ही पुरुष मंडळी ओट्यावर लढाईच्या गप्पा मारत असताना वहिनींनी गुपचूप ते पांढरं पाणी उकिरड्यावर ओतलं, मका स्वच्छ धुतला आणि आपण कण्या शिजवतो तसा तो ताकात शिजवून ठेवला. पाहुणा विष खाऊन आपल्या दारात मरू नये, एवढीच त्या माउलीची इच्छा.

सकाळी मॅन्युएल मका चोळू लागला. साल निघेना. पाट्यावर वाटला तर गोळा होईना. हातावर थापला की तुकडे पडत. त्यानं वास घेतला, चाखलं, आणि पातेल्याकडे पाहत बसला. वहिनी पुढे आल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "म्या वाचीवलं तुमास्नी. चुना समदा फेकून दिला."

मी भाषांतराच्या धंद्यात इमानदार माणूस आहे, पण ते वाक्य मी जरा मऊ करून सांगितलं. मॅन्युएल रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं की मका अजून आहे का, कारण उद्याच नोव्हेंबरचा दुसरा दिवस होता.

मका नव्हता. म्हणजे होता, घराच्या आढ्याला, पानांच्या वेण्या घालून टांगलेली कणसं. पण ते बियाणं. आणि बियाणं खाणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. घरात उपास पडले तरी त्या कणसाला कुणी हात लावत नाही. गेनूदादांनी मान खाली घातली. मी पुन्हा राहुरीला जातो म्हणालो, बिल जीपकडे वळला, आणि तेवढ्यात वहिनी खाटेवर चढून कणसं सोडू लागल्या.

"बी हाय ते, सगुने," गेनूदादा म्हणाले.

"चूक माजी, मंग बी बी माजंच. पुढल्या साली भावाकडून मागून आनंन."

या वेळी चुना घातला तो वहिनींनीच. आणि त्या रात्री पातेल्याजवळ खाट टाकून त्याच बसल्या. मांजर, सासुरवाशीण, शेजारीण, कुणालाही त्यांनी त्या चुन्याच्या पाण्याकडे फिरकू दिलं नाही. आदल्या दिवशी जे विष होतं ते आता देवाघरचं तीर्थ झालं होतं.

दुसरा दिवस

पहाटे साल निघाली. अशी निघाली की वहिनी हरखून गेल्या, दाणा न् दाणा सोलून बघत बसल्या. वाटायला त्याच बसल्या, मॅन्युएल शेजारी. पीठ झालं ते लोण्यासारखं, आणि त्याला वास असा आला की पहिल्या पावसात मातीला येतो तो फिका पडावा. मॅन्युएलनं एक गोळा घेऊन दोन तळव्यांत थापून पातळ पोळी केली. वहिनींनी त्याच पिठाची भाकरी थापली. तव्यावर दोन्ही फुगल्या. कुठली मेक्सिकोची आणि कुठली सोनईची हे ओळखायला मी दोन्ही पुन्हा पुन्हा खाऊन पाहिल्या. सत्यशोधनासाठी माणसाला कष्ट घ्यावे लागतात.

आता पिठात चरबी मळायची होती. बिलनं मोठ्या अभिमानानं मेसमधून आणलेला डबा काढला. डुकराची चरबी. मी मुसलमान माणूस, गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. वहिनींनी तर नाकाला पदर लावून आपली चूल उचलायचीच तयारी केली. मॅन्युएलनं डबा बिलच्या हातात परत दिला आणि वहिनींकडे लोणी मागितलं. कोंबडी मी हलाल करून दिली, तिचा रस्सा मिरचीचा, आणि लोण्यात मळलेल्या पिठात तो भरून कणसाच्या पानांत गुंडाळायला घेतला.

बिलला हेच हवं होतं. तो म्हणाला की मूळ कृतीत चरबी, तू घातलंस लोणी. मग अस्सल कुठं राहिलं? तूही बदललंस, माझ्या बापानंही बदललं. मग त्याच्याच डब्याला नावं का?

मॅन्युएल म्हणाला, "आई इथं असती तर तिनंही लोणीच घातलं असतं. ज्याच्या अंगणात बसेल त्याचं बघून करायची ती. तुझ्या डब्याला कुणाचंच अंगण माहीत नाही."

"म्हणूनच तर तो सगळीकडे खपतो," बिल म्हणाला, आणि ते काही खोटं नव्हतं. मग त्यानं आवाज खाली आणून बहिणीची आठवण करून दिली. मॅन्युएलनं बांधलेली पानाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

तमाले वाफेवर शिजली. मॅन्युएलनं गोठ्यामागे घोंगडी अंथरली, तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. त्यांच्याकडेही मेलेल्यांना झेंडूच लागतो. तमाले मांडली, कपभर काळी कॉफी ठेवली, आणि आईला धूर आवडायचा म्हणून गेनूदादांची एक बिडी पेटवून ठेवली. वहिनी म्हणाल्या, बाई शौकीन होती. आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं आली होती, पोरंबाळं झाडांवर चढली होती. राहुरी आणि नेवासा हे दोन्ही तालुके त्या दिवशी ओस पडले होते असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

"आता?" गेनूदादांनी विचारलं.

मॅन्युएल म्हणाला, आता ती येऊन वास घेईल.

"आन् ती आली हे कळायचं कसं?"

मॅन्युएलच्या मुलखात हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. गेनूदादांनी दोन तमाले पत्रावळीवर घेऊन गोठ्याच्या छपरावर ठेवली आणि मला सांगायला लावलं: आमच्यात कावळा शिवतो. शिवला की माणूस तृप्त. नाही शिवला तर मनात काही राहिलंय.

बिलला ही कल्पना इतकी आवडली की त्यानं आपलाही एक डबा फोडून शेजारी ठेवला. म्हणाला, होऊन जाऊ दे निवाडा. लिंबावर कावळे जमलेच होते. एक म्हातारा कावळा खाली उतरला, डब्यापाशी गेला, आत डोकावला, चोच बुडवली, आणि मग छपराच्या गवतावर चोच दोन्ही बाजूंनी नीट पुसून परत फांदीवर जाऊन बसला. छावणीच्या उकिरड्यावर नगरचे कावळे काय काय खातात ते मी पाहिलं आहे. सोनईचा कावळा खानदानी निघाला. लोक हसून लोळले. बिल त्यांच्याहून जास्त हसला.

पण कावळा तमालेलाही शिवेना.

हळूहळू हसू ओसरलं. मॅन्युएल छपराखाली उभा होता, मान वर, हातात टोपी. आईच्या मरणाची बातमी आली तेव्हा तो नेहमीसारखा रणगाड्याखाली जाऊन काम करत राहिला होता. आता त्याचा चेहरा पाहवत नव्हता. लोक सुचवू लागले. भनीला संबाळतो म्हन. लगीन करतो म्हन. मी एकेक वाक्य त्याला सांगे, तो आपल्या भाषेत वर पाहून म्हणे, आणि कावळा पंख खाजवी. कुणीतरी म्हणालं, कावळ्याला त्याची भाषा येत नसंल. गेनूदादांनी त्याला गप्प केलं.

शेवटी वहिनी माझ्याजवळ आल्या. "उस्मानभावजी, त्याला इचारा. आयला न इचारता काई ठरवाया बसलाय का तो?"

मी विचारलं.

मॅन्युएलनं बिलकडे पाहिलं. मग तो छपराकडे वळून गुडघ्यांवर बसला आणि आपल्या भाषेत बोलू लागला. बराच वेळ बोलला. मला त्यातला शब्दही कळला नाही, पण बिल सीमेवरचा, त्याला ती भाषा थोडी येत होती. त्याचं हसू गेलं. त्यानं हातातला चमचा खाली ठेवला.

म्हातारा कावळा उतरला. पत्रावळीवर बसला, पान चोचीनं उलगडलं, आतला घास तोडला. मग दुसरा आला, मग सबंध झाड आलं. खाली वस्तीवर असा एक आवाज उठला की नगरच्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांनी बंदुका सरसावल्या म्हणे.

मी बिलला विचारलं, काय म्हणाला तो?

बिलनं आधी नाक शिंकरलं. "म्हणाला, आई, तुझं नाव आणि तोंड मी डब्यावर देत नाही. बहिणीला या हातांनी पोसेन. तू जेव."

वहिनींना मी हे सांगितलं. त्यांनी पदरानं मॅन्युएलचं तोंड पुसलं, त्याला घोंगडीच्या कडेला बसवलं आणि पुढ्यात तमाले ठेवली. "तिनं चाखलं, मनू. आता तू खा."

तो खाऊ लागला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, आणि माझं ते सत्यशोधन सोडलं तर आमच्याही. कावळ्याआधी कोण जेवणार? बिल मात्र अजून उभाच होता. टोपी मागे सारली, पुढे ओढली, छपरावरच्या आपल्या डब्याकडे एकदा पाहिलं. मग मॅन्युएलच्या शेजारी धप्पकन मांडी घालून बसला.

"हे टेक्सासात डब्यात मिळणार नसेल," तो म्हणाला, "तर मला इथंच पोट भरून घेतलं पाहिजे."

मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, तोवर वहिनींनी त्याच्यापुढे पत्रावळ टाकून वाढायला सुरुवातही केली होती.